युनिक्सला नागपुरात घर हवं होतं

मे महिन्यात आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा बंद असायचा. नागपूरच्या माणसाला हे सांगितलं तर तो आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहील, पण खरंच बंद असायचा. बाबा एका मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापक होते आणि येणाऱ्या वर्षाचं वेळापत्रक ते दर मे महिन्यात आमच्या सतरंजीवर मांडत. त्यासाठी पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे होते. गणिताचे लाल, इतिहासाचे पिवळे, पीटीचे हिरवे, आणि प्रत्येकावर त्या त्या शिक्षकाची आद्याक्षरं. पंखा लावला की नववी ब चा भूगोल थेट मोरीत जाऊन पडायचा. म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. आतल्या खोलीत कूलरसमोर आई आणि मी, बाहेर बाबा गंजीफ्रॉकवर घाम गाळत बसलेले. त्यांना मनातून ते आवडायचं असा मला आजही संशय आहे.

काम सोपं नव्हतंच. चित्रकलेचे सर कामठीहून गाडीने येत, त्यांना पहिला तास चालत नसे. प्रयोगशाळा एकच. संस्कृत आणि हिंदी एकाच वेळी ठेवावे लागत, कारण वर्ग दोन्हीकडे वाटला जाई. शाळेत एक नवराबायको दोघंही शिक्षक होते. नवऱ्याला मोकळा तास बायकोबरोबर हवा असे, आणि बायकोने बाबांना हळूच येऊन सांगितलं होतं की सर, तेवढं मात्र करू नका. हे सगळं बाबा डोक्यात ठेवत आणि शाळा सुरू झाली की शिक्षकखोलीत सगळ्यांच्या शिव्या खात.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं, तेव्हा मी मुंबईत कॉम्प्युटरचा वर्षभराचा अभ्यासक्रम करून घरी परतले. बरोबर फ्लॉपींचा एक डबा होता आणि त्यात माझा अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम. वेळापत्रक मांडणारा. तो मी बाबांसाठीच लिहायला घेतला होता, निदान त्यांना पंखा लावता यावा म्हणून. जिथे शिकले त्या संस्थेने मला नोकरीही देऊ केली होती. जूनच्या मध्यापर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

मला मुंबई नको होती. आजकाल हे कबूल करायला लोक लाजतात, मी तेव्हाही लाजले नाही. मला माझ्या गावात राहून हेच काम करायचं होतं, आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचं खायचं होतं. आई उघडउघड माझ्या बाजूची होती. "त्या मुंबईत कपडे वाळत नाई म्हणते. तिथं माणूस कसं राहीन?" एवढा एक मुद्दा तिला पुरेसा होता. बाबा मात्र कोरडे. "तुझं तू पाह्य. इथं काम भेटलं तर राहा. नुसतं घरी बसाले थोडीच शिकली तू?"

म्हणजे प्रश्न एकच उरला होता. नागपुरात माझ्या कामाला जागा आहे का?

बाबांनी त्यात आपल्या परीने मदत केली. त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगून टाकलं की या वर्षीचं वेळापत्रक माझी मुलगी कॉम्प्युटरवर करून देणार, आणि ते पुठ्ठ्याचे तुकडे त्यांनी वस्तीतल्या बालवाडीला देऊन टाकले. पोरांना मोजायला.

"बाबा, प्रोग्रॅम अजून पुरा झाला नाही!" मी ओरडले.

"मग कर ना पुरा. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

प्रोग्रॅम पुरा करायचा तर आधी कॉम्प्युटर हवा. तो विकत घेण्याची ऐपत तेव्हा भल्याभल्यांची नव्हती, दुसऱ्याच्या मशीनवर तासाच्या भाड्याने बसावं लागे. अशी मशीनं नागपुरात नव्हती असं नाही. पण जिथे जावं तिथे डॉस. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी जी मुळातली व्यवस्था असते, ती डॉसची. मी शिकले होते युनिक्सवर, आणि युनिक्स म्हटलं की लोक एखाद्या औषधाचं नाव ऐकल्यासारखे बघत. आईला फरक समजावताना मी पुरणपोळीचा आधार घेतला. डॉसच्या स्वयंपाकघरात बाई एकच, पुरण वाटून झाल्याशिवाय ती कणकेला हात लावत नाही. युनिक्सकडे चौघी जणी, एक वाटते, एक भरते, एक लाटते, एक शेकते, आणि पोळी हातोहात पुढे सरकत जाते. माझा प्रोग्रॅम असा चौघींच्या हातचा होता. तो डॉससाठी बदलायचा म्हणजे सगळा पुन्हा लिहायचा, आणि तेवढा वेळ नव्हता.

"मग एकीच्या घरी चौघींले कायले नेऊन राहिली?" आई म्हणाली. "चौघींचं घर पाह्य."

तर आम्ही घर पाहायला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा, त्यांच्या स्कूटरवर. बाबांनी आयुष्यात भाड्याच्या खोल्या भरपूर पाहिल्या होत्या. नळाला दिवसभर पाणी असतं असं मालक म्हणाला की ते स्वतः उठून नळ सोडून बघत. मशीनही त्यांना तसंच पाहायचं होतं.

पहिली जागा धरमपेठेत. दारावर काच, आत एसी, आणि बाहेर पाटी, "कृपया चपला येथे काढाव्यात." त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत कोणी पायताण घालून जात नसे. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातल्या देव्हाऱ्याच्या फळीवर पुस्तकं मांडली होती. ते चपला काढता काढता पुटपुटले, "देवळं सोडली, आता हे नवीन निघालं." मालक तरुण होता, टाय लावलेला, आणि त्याच्या तोंडात नकार नावाची गोष्टच नव्हती. युनिक्स आहे? आहे ना मॅडम. दोन जण एकाच वेळी बसू शकतात? चौघं बसा मॅडम. सी भाषेचा कंपायलर? तो तर असतोच. आणि बंद पडलं तर? कधी पडतच नाही मॅडम.

मी खूश. बाबा मात्र वर्गात शेवटच्या बाकाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी घसा खाकरून विचारलं, "आणि यात ते उलट्या मोजणीचं यंत्र आहे का? मागून पुढे मोजते ते?"

"आहे ना सर! परवाच बसवलं."

असं काही जगात नव्हतंच. बाबांनी ते जागच्या जागी रचलं होतं. तोंडी परीक्षेत पाठ करून आलेल्या मुलाला पकडायची ही त्यांची जुनी युक्ती. बाहेर येऊन चपला घालताना ते म्हणाले, "याच्याकडे काहीच नाही. चल." मी आत डोकावून पडद्यावर बघितलं होतं, डॉसच होतं. पण तरी मला त्या एसीचा मोह सुटत नव्हता, म्हणून मी घरापर्यंत बाबांवर रुसून बसले.

दुसरी जागा एक शिक्षणसंस्था होती. तिथे खरोखरचं युनिक्स होतं आणि मशीन इतकं देखणं की मला त्याच्यापाशीच राहावंसं वाटलं. एसी असा की बाहेर नागपूर भाजून निघत असताना आतले लोक स्वेटर घालून बसलेले. एक जण तर मफलर गुंडाळून होता. तिथले प्रमुख फार सौजन्याने बोलले. त्यांनी माझे कागद वाचले, प्रोग्रॅमची तारीफ केली, चहा पाजला, आणि सांगितलं की बाहेरच्यांना वेळ द्यायचा तर समितीची परवानगी लागते आणि समिती पावसाळ्यानंतर बसते. मशीन बंद पडलं तर काय करता, असं मी विचारलं. तक्रार नोंदवतो, म्हणाले. सगळं कसं नीटनेटकं होतं, आणि माझ्या काडीच्या कामाचं नव्हतं.

तिसऱ्या जागेचा पत्ता आम्हाला एका टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याकडून लागला. इतवारीत, मिरचीच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे. खाली मिरचीची पोती, वर मशीन. जिना चढता चढता मला शिंका सुटल्या, बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वरती एका खोलीत गुलाबी फुलांच्या पलंगपोसाखाली काहीतरी झाकलेलं होतं. शेठजींनी तो पलंगपोस नव्या नवरीचा पदर सारावा तसा हळूच बाजूला केला. आत खरंखुरं युनिक्सचं मशीन, दोन टर्मिनलं म्हणजे पडदा-कीबोर्डच्या दोन जोड्या, शेजारी प्रिंटर, आणि मशीनच्या कपाळाला दसऱ्याचं कुंकू.

"बेटी, हे तुले चालवता येते का?" शेठजींनी मला विचारलं. विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की सर्वांत भारी जे आहे ते हेच. ते चालवणारा जो मुलगा ठेवला होता, तो आखातात निघून गेला. तेव्हापासून मशीन तसंच होतं. "सालभर झालं, बसून खाऊन राहिली. एसी पण हिच्यासाठीच घेतला. माह्या घरी एसी नाही, हिले आहे."

बाबांनी इथेही उलट्या मोजणीचं यंत्र काढलं.

"मास्तर, ते मले माहीत नाही," शेठजी म्हणाले. "मले तर ही सुरू कशी होते तेही धड माहीत नाही."

"बंद पडली तर काय करता?" मी विचारलं.

"बंद पडली तर? बसून राहू तिच्यापाशी. अजून काय करीन?"

झालं. माझी निवड त्या वाक्यावर झाली. कोणत्याही शहाण्या माणसाने असं मशीन निवडलं नसतं हे मला कळत होतं. मिरचीची धूळ होती, मदतीला कोणी नव्हतं, इतवारीतली वीज म्हणजे माहेरी येणारी सासुरवाशीण, आली तर आली. पण धरमपेठेतला माणूस मशीन कधी बंद पडतच नाही म्हणाला होता आणि संस्थेतला माणूस तक्रार नोंदवणार होता. मशीन बंद पडतं हे मी मुंबईत रोज पाहिलं होतं. त्या वेळी शेजारी कोण बसणार, एवढंच मला विचारायचं होतं. बोलणी लगेच ठरली. शेठजींचा मालाचा हिशेब मी मशीनवर बसवून द्यायचा, त्याबदल्यात मशीन माझं.

काम झपाट्याने चाललं. मी सकाळी जायची, शिंका देत चढायची, पलंगपोस घडी करून ठेवायची आणि दुपारपर्यंत बसायची. शेठजी मधूनमधून वर येत आणि पडद्याकडे बघून "वा" म्हणत, मग तिथे चूक झाल्याचा संदेश का असेना. शाळेला सुटी असल्याने बाबाही येऊन बसत. शिक्षकांच्या अटी मला तेच सांगत. कामठीचे सर, प्रयोगशाळा, ती नवराबायको, सगळं मशीनला शिकवून झालं. फक्त सगळे वर्ग एकत्र घालून शेवटचा मोठा डाव चालवायचा राहिला होता. शिक्षकांची बैठक जवळ आली होती, मुंबईला कळवायची मुदतही.

आणि नवतपा सुरू झाला. रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस नागपुरात माणसं काढत नाहीत, सोसतात. शहरातले सगळे कूलर एकदम सुरू झाले आणि इतवारीतला विजेचा दाब इतका उतरला की एसी नुसता घुर्र करून गप्प बसू लागला. मशीन तापायचं आणि डाव अर्ध्यावर असताना थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. मी चिडून टेबलावर हात आपटायची, शेठजी मशीनपाशी हात जोडायचे, आणि बाबा छताकडे बघत काहीतरी विचार करायचे. त्या विचाराकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं खरं.

एके दिवशी मी दोन नव्या शिक्षकांचे विषय विचारायला शाळेत गेले होते. तिथून दुपारी इतवारीत आले. जिना चढताना शिंक आली नाही. उलट खसचा थंडगार सुवास आला. मी उरलेल्या पायऱ्या पळतच चढले.

खोलीत आमच्या घरचा कूलर होता. तोच, हिरवा लोखंडी, बाबांनी यंदाच नवी खस भरलेला. सायकलरिक्षावर बांधून आणला होता, मागून स्कूटरवर स्वतः बाबा. पाणी काठोकाठ भरलेलं, पंप जोरात, आणि त्याचं तोंड बरोबर मशीनकडे. आमच्याकडे पाहुणा आला की कूलर त्याच्याकडे वळवतात, घरच्यांनी मग घामात बसायचं. तो मान बाबा आणि शेठजींनी मशीनला दिला होता. दोघं बाजूला बसून ताक पीत होते.

"ये, ये," बाबा म्हणाले. "पाह्य, कसं गार केलं तुह्या मशीनले!"

"मास्तरनं कमाल केली बेटी. एसीचा बाप आहे हा."

प्रिंटरमधला कागद ओल्या रुमालासारखा लोंबत होता. मशीनच्या जाळीवर दवाचे थेंब होते आणि पडदा काळा. मी कूलरची वायर ओढली, मशीनची ओढली, आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. कॉम्प्युटरला कोरडा गारवा लागतो, कूलर म्हणजे पाण्याचा फवारा, एवढी साधी गोष्ट, वगैरे वगैरे. शेठजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. बाबा उठून उभे राहिले. ज्या माणसाने हजारभर मुलांना उभं करून झापलं असेल, तो माझ्यासमोर तसा उभा होता, आणि मला ते बघवेना, म्हणून मी आणखीच ओरडले.

घरी आईने दारातच विचारलं, "काय जी, कूलर कुठं आहे?" बाबा सरळ मोरीत हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मशीन विकणाऱ्या कंपनीला ट्रंककॉल लावला. त्यांचा माणूस जूनच्या शेवटी येईल, असं उत्तर आलं. म्हणजे शिक्षकांची बैठक होऊन गेल्यावर, आणि मुंबईची मुदत संपल्यावर. बाबांचा शब्द गेला आणि माझं नागपूरही गेलं. शेठजी मात्र म्हटल्याप्रमाणे खरोखर मशीनपाशी बसून होते. खाली गिऱ्हाइकं हाका मारत होती, हे वर बसलेले. त्यांना बघून मला जरा धीर आला.

"शेठजी, मी हे उघडू?"

"उघड बेटी. आता अजून काय बिघडीन?"

मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला. आतली हिरवी कार्डं एकेक करून काढली, कुठलं कुठे ते लिहून ठेवलं. वरच्या कार्डांवर ओल होती, पाण्याचे पांढरे डागही पडले होते. ते मी स्पिरिट आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसले. आता ती कार्डं आतपर्यंत कोरडी करायची होती. आणि हसू आलं मला, कारण कोरडं करण्यासाठी नवतप्यातल्या नागपूरपेक्षा चांगली जागा पृथ्वीवर कुठे असेल? त्याच दिवसांत आमच्या गच्चीवर आईची वाळवणं पसरलेली असत. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या. मी कार्डं स्वच्छ कपड्यात गुंडाळून घरी नेली.

आईने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "उन्हात नको टाकू वं, वाकडी होतीन. टाकीच्या सावलीत ठेव, वारा लागू दे." मलाही तेच करायचं होतं, पण आईने सांगितल्यामुळे ते आता तिचं वाळवण झालं. खाट ओढली, त्यावर स्वच्छ सुती लुगडं अंथरलं, कार्डं मांडली, वरून मलमलीचं फडकं. शेजारच्या काकू गच्चीवर आल्या आणि बघतच राहिल्या.

"हे कोणते पापड वं?"

"मुंबईचे आहेत," आई म्हणाली. "तळत नाई यांले."

राखण बाबांनी केली. वाळवणाला कावळे लागू नयेत म्हणून बसायचं काम आमच्याकडे पोरांचं असतं. बाबा छत्री उघडून, मांडीवर काठी घेऊन, टाकीला टेकून बसले. गरम वाऱ्याची लू अंगाची लाही करत होती. मी दोनदा म्हटलं की कार्डं कावळे खात नाहीत, खाली चला. ते म्हणाले, "त्याईले काय माहीत, खाऊन पाहतीन ना." मग मीही थोडा वेळ त्यांच्या छत्रीत जाऊन बसले. माझा राग कधीच गेला होता, पण ते बोलायचं कसं ते सुचत नव्हतं, म्हणून मी त्यांना पाणी आणून दिलं.

दोन दुपारी अशा वाळवल्यावर आम्ही कार्डं परत इतवारीत नेली. मी ती बसवत होते तेव्हा शेठजी नारळ घेऊन मागे उभे होते, आणि बाबा दाराबाहेर. आत यायची त्यांची छाती होत नव्हती. मी बटण दाबलं. पंखा फिरला. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर अक्षरं उमटायला लागली आणि शेवटी तो ओळखीचा प्रश्न आला, कोण आहेस, नाव सांग. मी माझं नाव टाइप केलं आणि रडायला लागले. शेठजींनी घाईने नारळ जिन्यात फोडला. खालून कोणीतरी ओरडलं की पाणी मिरचीवर पडून राहिलं.

आता डाव पहाटे चालवायचं ठरलं. शहर उठून कूलर लावायच्या आत वीज धड असते, एसीही चालतो. आम्ही पाचला इतवारीत पोचलो. दूधवाले तेवढे रस्त्यावर होते. मशीन काम करत राहिलं, एकदाही न थांबता, आणि ऊन खिडकीत यायच्या आधी प्रिंटर करकरायला लागला. कागद बाहेर येत गेला. पाचवी अ, पाचवी ब, पाचवी क.

बाबांनी तो गठ्ठा घरी नेला, सतरंजीवर पसरला, लाल शाईचं पेन घेतलं आणि पंखा लावला. कागद उडाले, ते त्यांनी गोळा केले आणि पुन्हा पंखा लावला. दिवसभर ते चूक शोधत होते. कामठीचे सर दुसऱ्या तासाला होते. प्रयोगशाळेत टक्कर नव्हती. नवराबायको आठवडाभर एकमेकांना मोकळे भेटणार नव्हते. संध्याकाळ झाली तेव्हा ते जरा नाराजच दिसले.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "मी करायचो तेव्हा दोन-चार तरी राह्यच्या."

बैठकीत शिक्षकांनी रीतसर कुरकूर केली. शनिवारचा शेवटचा तास मलाच का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला बाबा हसून म्हणाले, "मले काय विचारता, कॉम्प्युटरले विचारा." इतक्या वर्षांत शिव्या न खाता ते पहिल्यांदाच त्या खोलीतून बाहेर आले असतील. त्याच आठवड्यात आणखी दोन शाळांचे मुख्याध्यापक आमच्या घरी येऊन बसले. तुमची मुलगी आमचंही करून देईल का? आईने त्यांना आंब्याचं पन्हं दिलं, आणि बाबांनी घरी परत आलेला कूलर त्यांच्याकडे वळवला.

ते गेल्यावर मी मुंबईला नकार कळवायला बसले. दुपारचे दोन वाजले असतील. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रेल्वेचं तिकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. नागपूर ते मुंबई, माझ्या नावाचं, पुढच्याच आठवड्याचं.

"मशीन बंद पडली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं," ते म्हणाले. "वाटलं, मीच घालवलं तुझं इथलं. निदान जायची तरी सोय करावी."

मी तिकीट उलटसुलट करून बघितलं. गच्चीवर छत्री धरून बसले होते तेव्हा हे त्यांच्या खिशात होतं.

"मग मला दिलं का नाही बाबा?"

खुंटीवरचा दुपट्टा त्यांनी ओढून घेतला. "देलं असतं तर तू गेली असती ना वं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी राहिले काय आणि गेले काय, या माणसाला सारखंच. त्यांनी तिकीट परत घेतलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळला, लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि चपला घातल्या. हे आताच्या आता परत करून येतो, म्हणाले.

"एवढ्या उन्हात?" आई आतून ओरडली. "संध्याकाळी जा ना जी!"

"संध्याकाळपर्यंत हिचं मन बदललं तर?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.